सिएनीचा मीटर आणि वन्संचा नळ

सिएनीचं आणि त्या मीटरचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. पाणीखात्याची माणसं आली, रस्त्याच्या कडेला खड्डा खणला, त्यात एक पितळी डबडं बसवलं, वर प्लास्टिकचं झाकण ठेवलं आणि "आजी, आता जेवढं पाणी तेवढं बिल, बरं का!" असं सांगून पुढच्या घरी गेली. त्याआधी गावात घरटी ठरलेली रक्कम असे. नळ चालू राहिला काय, गळत राहिला काय, कोणाला सोयरसुतक नव्हतं. आता हे डबडं आलं. त्याच्या काचेखाली एक इवलीशी लाल चांदणी होती. पाणी चाललं की ती फिरायची आणि पाणी थांबलं की थांबायची. निदान त्या माणसांनी तरी तसंच सांगितलं होतं.

सिएनीच्या मीटरची चांदणी थांबतच नव्हती.

सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी ती रस्त्यापर्यंत जायची, गुडघ्यावर हात ठेवून वाकायची आणि झाकण उचलायची. चांदणी आपली फिरतेय. फार जोरात नाही, रमतगमत फिरायची, पण फिरायची. ती घरात येऊन सगळ्या तोट्या पिळून बंद करायची, परत जाऊन बघायची. फिरतेय! "मेल्या, थांब की! कोणी पीत नाहीये," असं ती त्याला सुनवायची. मग आकडे वाचायची. तेही तिला धड लागायचे नाहीत, कारण मीटरचं तोंड रस्त्याकडे आणि सिएनी उभी घराच्या बाजूला, त्यामुळे सगळे आकडे उलटे. रस्त्याच्या बाजूला जाऊन वाचावं, हे तिला कोणी सांगितलं नाही आणि तिलाही सुचलं नाही. कालपेक्षा आज आकडा कमी दिसला की ती खूश व्हायची आणि महिनाअखेर बिल हातात आलं की मटकन खाली बसायची.

एका म्हातारीचं बिल आणि पाद्रीबाबांच्या पोराबाळांनी भरलेल्या घराचं बिल सारखंच यावं, म्हणजे काय म्हणायचं?

कारण घरात होती ती एकटीच. मुलगा ताविता ऑकलंडला बर्फाच्या गोदामात कामाला, बायकोमुलं तिकडेच. नवरा याकोपो आदल्या वर्षी गेला. गेला म्हणजे तसा लांब गेला नव्हता. आमच्या सामोआत कोण आपल्या माणसाला गावाबाहेर नेऊन टाकतं? रस्ता आणि ओसरी यांच्या मध्ये, घराच्या अगदी समोर त्याचं थडगं होतं. तावितानं पैसे पाठवले, वर सिमेंट घातलं, पांढऱ्या फरशा बसवल्या, ऊन लागू नये म्हणून चार खांबांवर पत्रा घातला. सिएनी दुपारी त्या फरशीवर बसून चटई विणायची आणि नवऱ्याशी गप्पा मारायची. याकोपो हयातीत जेवढं ऐकून घेत नव्हता तेवढं आता ऐकून घ्यायचा.

थडग्याभोवती सिएनीनं तेउइलाची झुडपं लावली होती, तांबड्या तुऱ्यांची. आणि इथं एक नवल होतं. कोरडे महिने आले की गावातलं गवत पिवळं पडायचं, शेजारच्या कुंपणाची पानं गळायची, पण याकोपोच्या उशाशी मात्र सगळं हिरवंगार. तुरे तर मनगटाएवढे जाड! सिएनी एक तांब्या पाणी घालत नव्हती हो. याकोपोला झाडांचं वेड होतं, हे सगळ्या गावाला माहीत. पाद्रीबाबांच्या बायकोनं एकदा थांबून बघितलं आणि डोळे पुसले. "सिएनी, तुझा माणूस अजून बाग राखतोय गं," ती म्हणाली. सिएनीनं मान खाली घातली. तिला मनातून हेच वाटत होतं, पण स्वतःच्या तोंडानं सांगायला बरं दिसत नव्हतं. दुसऱ्या कोणी सांगितल्यावर बरं वाटलं. त्या दिवसापासून ती येणाऱ्याजाणाऱ्याला आधी ती झुडपंच दाखवायची.

आणि घराच्या डाव्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, वन्सं.

वन्सं म्हणजे फुआतिनो, याकोपोची थोरली बहीण. लग्न केलं नाही, भावाच्या जमिनीवर आपलं छोटं घर बांधून राहिली. आमच्याकडे भावाच्या घरात बहिणीचा मान असा, की भाऊ तिच्यासमोर आवाज चढवत नाही आणि भावजय तिच्यासमोर पाय पसरून बसत नाही. त्यातून ही फुआतिनो! अंगानं आडवी, जिभेनं तिखट, आणि आवाज? संध्याकाळच्या प्रार्थनेत ती भजनाचा पहिला सूर लावायची तो असा वर, की बाकीच्यांना पकडायला शिडी लागावी. तिच्या घरात पाणी नव्हतं. म्हणून याकोपोनं दोन घरांच्या मधोमध तिच्यासाठी एक नळ काढून दिला होता. त्याची तोटी उघडताना डुकराचं पिल्लू धरल्यासारखी किंचाळायची. नळ बसवला त्या दिवशी याकोपो बायकोला म्हणाला होता, "सिएनी, हा ताईचा नळ. इथं कधी हिशेब करायचा नाही."

याकोपो गेल्यावर दोघी म्हाताऱ्या एकाच पातेल्यात शिजवायला लागल्या. सिएनीनं अळकुड्या उकडायच्या, फुआतिनोनं नारळ खवायचा. रोज भांडायच्या. "वहिनी, मीठ घातलंस की समुद्रच ओतलास?" "वन्सं, तुम्ही खाल्लंत तर सगळं!" एवढं झालं की दोघी जेवायच्या. खरं सांगायचं तर सिएनीला जगात आता हेच एक माणूस उरलं होतं, जे याकोपो लहानपणी कसा दिसायचा ते सांगू शकत होतं.

बिल घेऊन सिएनी बसनं राजधानीला, आपियाला गेली. पाणीखात्याच्या कचेरीत खिडकीमागे एक चष्मेवाला तरुण होता, स्वभावानं चांगला होता बिचारा.

"आजी, घरात माणसं किती?"

"दोघं," सिएनी म्हणाली. "मी आणि आमचे हे."

"मग ते वापरत असतील पाणी. आंघोळीला फार लागतं का त्यांना?"

"अहो, ते अंगणात असतात."

"बागकाम करतात?"

सिएनी गोंधळली. पाद्रीबाबांच्या बायकोच्या हिशेबानं करत होते की. "म्हणजे... करतात असं म्हणतात," ती म्हणाली. "पण ते गेले हो. फरशीखाली आहेत."

त्या तरुणानं चष्मा काढून पुसला, परत घातला. "मग एकच माणूस लिहितो," तो हळूच म्हणाला. "आजी, मीटर तपासून बसवलेला आहे. तो मोजतोय म्हणजे पाणी जातंय. कुठं जातंय ते तुम्ही घरी बघा. आणि हे असंच थकत गेलं, तर मला लाईन तोडावी लागेल. तेवढं करायला लावू नका."

परतीच्या बसमध्ये गाणी एवढ्या जोरात लावली होती की सिएनीला विचार करता येईना. घर येईपर्यंत ती एकच गोष्ट धरून बसली होती. पाणी जातंय. कुठं जातंय?

तिनं सगळं करून पाहिलं. एक अख्खा दिवस घरातली तोटी उघडली नाही, समुद्रात आंघोळ केली, शहाळ्याच्या पाण्यात भात शिजवला आणि तो गिळला. चांदणी फिरतच राहिली. मीटर वारा मोजत असेल, असं तिला वाटलं, म्हणून तिनं झाकणावर दगड ठेवला. मग वाटलं, उन्हानं फिरत असेल, म्हणून केळीचं पान झाकलं. शेजारच्या मांजरावरही तिनं दोन दिवस डोळा ठेवला. मांजर किती पिणार, हे तिलाही कळत होतं, पण माणूस एकदा चक्रावला की मांजराचीही चौकशी करतो.

रविवारी ताविताचा फोन आला.

"आई, एवढं बिल? तू नळ उघडा टाकून चर्चला जातेस का?"

"काहीतरीच काय बोलतोस! मी थेंब थेंब वापरते."

"मग आत्या. आई, रागावू नको, पण आत्याचा नळ बाहेर उघड्यावर आहे. ती वापरते, तिच्या मैत्रिणी येऊन कपडे धुतात, चर्चची फरशी धुवायला पाणी तिथूनच. मी इथं थंडीत हात गोठवून पाठवतो ते सगळं त्या नळातून वाहून जातंय. कुलूप लाव."

"कुलूप? वन्संच्या नळाला? अरे, तुझ्या बापानं..."

"बाबा होते तेव्हा मीटर नव्हता."

तेवढं मात्र खरं होतं. एक गोष्ट खरी म्हणून दुसरीही खरी ठरत नसते, पण हे तिला त्या वेळी कुठं सुचायला! दोन दिवस तिनं घोळ घातला. तिसऱ्या दिवशी दुकानातून साखळी आणि कुलूप आणलं आणि फुआतिनो नारळ वेचायला गेलेली बघून तोटीला घालून टाकलं. घाईघाईत किल्ली दोनदा खाली पडली.

फुआतिनो आली. बादली ठेवली. कुलूप बघितलं. सिएनी खिडकीआडून बघत होती. आता ही ओरडणार, गाव गोळा करणार. पण फुआतिनोनं तसलं काही केलं नाही. बादली उचलली आणि समुद्राकाठच्या झऱ्यावर गेली. झऱ्याला जायची पायवाट तिच्या घरामागून जाते, अगदी जवळ. बाईनं ती सोडली. बादली डोक्यावर घेऊन ती मुख्य रस्त्यानं, सिएनीच्या दारावरून, भेटेल त्याला "कसं काय?" करत गेली आणि तशीच परत आली. लोकांनी विचारलं, "हे काय, एवढ्या लांबून पाणी?" तर म्हणाली, "काय करणार? आमच्या वहिनीचा मीटर नाजूक आहे."

संध्याकाळी सिएनी पातेलं घेऊन गेली. "वन्सं, जेवायला चला. ते कुलूप नुसतं बिलापुरतं आहे हो, तावितानं..."

"यात मीटरचं पाणी आहे का गं?" फुआतिनोनं पातेल्यात डोकावून विचारलं.

"आहे की. त्याशिवाय शिजणार कसं?"

"मग नको. उगाच माझ्या पोटात तुझा आकडा वाढायचा."

दुसऱ्या दिवशी फुआतिनोकडे असलेलं सिएनीचं दुसरं पातेलं घासूनपुसून पायरीवर पालथं ठेवलेलं सापडलं. त्या पालथ्या पातेल्याकडे बघून सिएनीला जे वाटलं ते याकोपोचा दफनविधी आटोपून लोक घरी गेले तेव्हाच वाटलं होतं.

बरं, एवढं करून मीटर थांबावा ना? छे! घरातली तोटी बंद, बाहेरच्या नळाला कुलूप, आणि चांदणी रमतगमत चाललीय. सिएनीचं डोकं फिरायची वेळ आली. माणूस गोंधळला की त्याला कोणावर तरी बोट ठेवावंच लागतं, त्याशिवाय त्याला झोप येत नाही. बायकांच्या मंडळात चटया विणताना कोणीतरी विचारलं, "काय गं सिएनी, सुटलं का तुझं कोडं?" आणि सिएनीच्या तोंडून निघून गेलं, "मला तर वाटतं वन्संनी दुसरी किल्ली करून घेतलीय. मी नसताना उघडत असतील."

सगळ्या बायकांचे हात थांबले. फुआतिनो मागच्या खांबाला टेकून बसली होती, हे सिएनीला दिसलं नव्हतं.

फुआतिनो उठली. विणकाम गुंडाळलं. "सिएनी," ती म्हणाली. वहिनी म्हणाली नाही. "माझ्या भावाच्या घरात मला चोर म्हणणारी तू पहिली." आणि ती गेली. त्यानंतर ती बादली घेऊन मागच्या पायवाटेनंच जाऊ लागली. सिएनीला वाटलं होतं त्यापेक्षा हे फारच वाईट होतं. दारावरून टोमणे मारत जात होती तोवर निदान जात तरी होती!

मग आली ती संध्याकाळ.

संध्याकाळी गावात शंख वाजतो. पहिल्या शंखाला घर गाठायचं, दुसऱ्याला प्रार्थनेला बसायचं, तिसरा वाजेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. रस्त्यावर गावातले धट्टेकट्टे गडी पहाऱ्याला उभे असतात. त्या वेळी चूल पेटत नाही, कोणी आंघोळ करत नाही, कोणी तोटीला हात लावत नाही. हलला तर पंच दंड करतात. सिएनी रोजच्यासारखी बसली, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांसमोर ती लाल चांदणी आली. तिला एकदम वाटलं, आत्ता! आत्ता सगळं गाव बसलंय. आत्ता जर ती थांबली असेल, तर कोणी माणूसच पाणी घेतंय. आणि थांबली नसेल तर?

तिला राहवेना. देवाची क्षमा मागितली आणि ती वाकून वाकून, थडग्याच्या आडोशानं रस्त्यापर्यंत गेली. झाकण उचललं.

चांदणी फिरत होती.

आणि त्याच क्षणी डाव्या बाजूच्या घरातून भजनाचा सूर उठला. तो कोणाचा, हे विचारायचीही गरज नव्हती. एवढा वर एकच बाई जायची. फुआतिनो आपल्या घरात, आपल्या चटईवर बसून देवाला हाका मारत होती आणि इथं चांदणी फिरत होती. वन्संनी पाणी चोरलं नव्हतं. कधीच चोरलं नव्हतं. 

"काकू!" कोणीतरी दबक्या आवाजात ओरडलं. पहाऱ्यावरचा लाफी होता, याकोपोचा पुतण्या, तीन पोरांचा बाप. "शंख झालाय ना! आत चला, दंड बसेल. मला पण बसेल."

"लाफी, इकडे ये. हे बघ."

"काकू, प्रार्थना चाललीय..."

"देव थांबेल, हा मेला थांबत नाही! हे पाणी कुठं जातंय सांग मला. माझी तोटी बंद आहे, वन्सं भजन म्हणतायत, मग पितंय कोण?"

लाफी नाइलाजानं वाकला. चांदणी बघितली. मग त्यानं मीटरपासून घराकडे नजर नेली, नळ जिथून जातो त्या रेषेत, आणि मध्येच ती अडली. सिएनीनंही तिकडेच पाहिलं. समोर याकोपोच्या पांढऱ्या फरशा होत्या आणि भोवतीनं ती हिरवीगार झुडपं.

लाफीचा चेहरा उतरला.

"काय रे?"

"काही नाही काकू."

"लाफी!"

"काकू, आम्ही खड्डा खणत होतो ना, काकांचा. तेव्हा पहारीखाली नळ आला. फुटला. पाणी असं उडालं! तुम्ही सगळ्या आत रडत होता. पाहुण्यांच्या बस येऊन थांबल्या होत्या. मी सायकलची ट्यूब कापून घट्ट बांधली. म्हटलं, दफन उरकलं की नीट करू. मग जेवणं आली, मग सिमेंट आलं, मग फरशा आल्या..."

सिएनीला आठवलं. त्या दिवशी हा लाफी थडग्यापाशी नखशिखांत ओला उभा होता आणि म्हाताऱ्या बायका म्हणाल्या होत्या, बघा, काकासाठी पोरानं केवढा घाम गाळलाय! तिनंच त्याला जवळ घेऊन थोपटलं होतं.

"म्हणजे हे पाणी..."

"काकांनाच जातंय, काकू."

सिएनी फरशीच्या कडेवर बसली. रडावं की हसावं, हेच तिला कळेना, म्हणून थोडं थोडं दोन्ही केलं. वर्षभर ती ज्याला याकोपोची माया समजली, ती सायकलची ट्यूब होती! खिडकीतल्या तरुणाला तिनं दोघं म्हणून सांगितलं तेच बरोबर होतं, आणि त्यानं खोडून एक केला. आणि या सगळ्यात चोर ठरली कोण, तर ज्या बाईसाठी नळ घातला होता ती. शेजारच्या घरात भजन चालूच होतं. तो चिरका सूर आज सिएनीच्या काळजात रुतला.

दोघांनी दंड भरला, माशांच्या डब्यांचं एक एक खोकं. लाफीनं थडग्याला हात न लावता बाजूनं वळसा घालून नवा नळ टाकला, जुना दोन्हीकडून बुजवला. कचेरीतल्या तरुणानं सगळं ऐकून घेतलं आणि बिल हप्त्यांनी भरायला सवलत दिली. सिएनीनं मीटरचं झाकण उचललं तेव्हा चांदणी निपचित होती. इतके महिने जे व्हावं म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती ते झालं होतं, आणि तिला काडीचा आनंद झाला नाही.

कुलूप तर तिनं त्याच संध्याकाळी काढून समुद्रात भिरकावलं होतं. नळ मोकळा होता, पण फुआतिनो त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हती. सिएनी तिच्या दारात जाऊन म्हणाली, "वन्सं, माझं चुकलं." आत नारळ खवायचा आवाज चालूच राहिला. मंडळात सगळ्यांसमोर म्हणाली, "मी खोटं बोलले, किल्ली वगैरे काही नव्हतं." बायकांनी माना डोलावल्या, फुआतिनोनं विणकामातून डोकं वर केलं नाही.

इकडे झुडपं सुकायला लागली. आधी तुरे वाकले, मग पानांच्या कडा तपकिरी झाल्या. सिएनीला पाणी घालता आलं असतं, पण ती याकोपोवर रुसली होती. "माझ्याच नळाचं पाणी पिऊन मला माया दाखवत होता ना? आता दाखवा!" ती फरशीकडे बघून म्हणायची आणि आत निघून जायची. आत जाऊन रडायची. रोज एकटीनं उकडलेल्या अळकुड्या तिला घशाखाली उतरत नव्हत्या.

शेवटी तिनं पेटी उघडली आणि आईनं विणलेली बारीक विणीची चटई काढली. रेशमासारखी मऊ, तांबड्या पिसांच्या कडेची, घरातली सगळ्यात मोलाची वस्तू. अशी चटई डोक्यावर घेऊन माणूस दुसऱ्याच्या दारात बसतो ते खून पडला, कोणाची अब्रू गेली, तेव्हा. समोरच्यानं येऊन चटई उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली तर तसंच बसून राहायचं आणि जे होईल ते सोसायचं. नळापायी कोणी चटई घेतल्याचं गावात कोणी ऐकलं नव्हतं. आपण हे बरोबर करतोय की लोकांना हसायला विषय देतोय, सिएनीला कळत नव्हतं. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. उजाडता उजाडता ती फुआतिनोच्या अंगणात जाऊन खडीवर मांडी घालून बसली आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली.

आत अंधार. आईच्या हाताचा, जुन्या पानांचा वास. ऐकू मात्र सगळं येत होतं.

कोंबडे आरवले. ऊन चटईवरून आत यायला लागलं. रस्त्यावरून कोणी जाताना थांबलं, कुजबुजलं, पुढे गेलं. मग फुआतिनोच्या घरात हालचाल झाली. पायरी करकरली. बादलीच्या कडीचा आवाज. पावलं सिएनीच्या अगदी जवळ येऊन थांबली. सिएनीनं डोळे घट्ट मिटले.

पावलं निघून गेली, झऱ्याच्या वाटेनं.

सिएनीचे पाय बधिर झाले, खडी टोचत होती, पाठ भाजत होती. बसून राहिली. किती वेळ गेला कोणास ठाऊक. पावलं परत आली, आता जड, पाण्याचं ओझं घेतलेली. तिच्याजवळून गेली. थांबली नाहीत. पण घरातही गेली नाहीत. कुठं निघाली ही बाई? सिएनीनं कान टवकारले. पावलं उजवीकडे चालली होती, सिएनीच्या घराकडे. मग सळ्ळकन पाणी ओतल्याचा आवाज आला. मातीवर, पानांवर. थांबून थांबून, फेरी घालत घातल्यासारखा. आणि फुआतिनोचा आवाज, नेहमीच्या मानानं फार खाली: "पी बाबा, पी. हे मोजलेलं नाही. तुझी बायको वेडी आहे, पण तुला तहानेलं ठेवायचं काय कारण होतं?"

 चटईखाली तिनं तोंडावर हात दाबला.

रिकाम्या बादलीची कडी वाजली. पावलं परत निघाली आणि मध्येच, दोन घरांच्या मधोमध, थांबली. बादली जमिनीवर टेकली.  वारा, कोंबड्या, लांबवर एक बस.

आणि मग डुकराचं पिल्लू धरल्यासारखी ती तोटी किंचाळली.

बादलीत धार पडायला लागली. आधी पत्र्यावर तडतड, मग पाण्यावर पाणी. सिएनी हमसून हमसून रडायला लागली. चटई हलत होती, आता कोणीही बघू दे.

चटई कोणीतरी उचलली. ऊन डोळ्यांवर आलं. वर फुआतिनोचं भलंथोरलं तोंड, घामेजलेलं, डोळे लाल.

"ऊठ वहिनी," ती म्हणाली. "चटई मळेल. आणि नारळ खवायचाय, माझे हात दुखतायत झऱ्याचं ओझं वाहून."

"वन्सं, मी..."

"पुरे. अळकुड्या आहेत का नाहीत? की त्याही मोजून ठेवल्यास?"

सिएनीला धड उठता येईना, फुआतिनोनं बखोट धरून उठवलं. नळाखाली बादली भरून वाहत होती, तोटी तशीच उघडी. सिएनीचा हात सवयीनं ती बंद करायला पुढे गेला आणि मागे आला. ती तशीच लंगडत रस्त्याकडे गेली, वाकली, झाकण उचललं. काचेखाली लाल चांदणी भिंगरीसारखी फिरत होती.

"फिर मेल्या," सिएनी डोळे पुसत म्हणाली, "फिर."